लाल नळाचं पाणी

तो पहिल्यांदा आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदात होते. केसांची एक बट नाकावर आली होती आणि ती फुंकर मारून बाजूला करायचा माझा प्रयत्न चालला होता. प्रेमकथेची नायिका अशी भेटते का कुठे? पण मी त्याला अशीच भेटले, त्याला आता काय इलाज!

साल शहाण्णव. सुरतेत, पर्वत पाटियाच्या पुढे, एका प्रिंटिंग मिलमध्ये मी नोकरीला होते. साड्यांवर छापायचा रंग जिथे घोटला जातो त्या खोलीला सगळे ‘कलर किचन’ म्हणायचे. चौदा वर्षं ते किचन माझ्या ताब्यात होतं. घरच्या किचनमध्ये मी इतकी वर्षं कधी उभी राहिले नाही.

“बेन, आ साहेब कॉलेजमांथी आव्या छे,” प्रिंटिंग मास्तर हेमराजभाई दारातूनच ओरडले. “एमने गुंदर बताडो.” यांना गोंद दाखवा, एवढं सांगून गेले.

साहेब म्हणजे एक उंच, सावळा, पस्तिशीच्या आतला माणूस. पायात धुळीने पांढरे झालेले बूट, खांद्याला कापडी पिशवी. त्याने आत येऊन माझ्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे पाहिलं आणि काही न विचारता पिंपात सरळ बोट बुडवलं.

“अहो! हात नका लावू!”

“मराठी?” तो एकदम हसला. मग बोट नाकाशी नेलं. “याला समुद्राचा वास येतोय.”

“समुद्री शेवाळाचा गोंद आहे. रंगात घातला की रंग पसरत नाही, जिथे छापाल तिथेच राहतो. काय छापायचंय तुम्हाला? साडी?”

“गुडघा,” तो म्हणाला.

माझा डावा पाय आपोआप पिंपाच्या मागे सरकला.

आता हे सांगायला हवं. कॉलेजात खो-खो खेळताना माझा डावा गुडघा वळला होता. आतली कूर्चा फाटली, आणि तेव्हापासून ते पाऊल जरा जपून पडायचं. मला सात वेळा बघायला आले. सातही वेळा कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, “जरा पाणी आणतेस का, बाळ?” पाणी कुणालाच नको असायचं. माझी चाल बघायची असायची. आठव्यांदा कुणी आलं नाही आणि मी छत्तीस वर्षांची झाले.

त्यामुळे अनोळखी माणसाने ‘गुडघा’ म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला – याला कुणी सांगितलं?

कुणी सांगितलं नव्हतं. योगेंद्र बोरसे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा आणि एका अस्थिरोगतज्ज्ञाबरोबर संशोधन करत होता. पिंपाच्या काठावर गोंदाच्याच बोटाने आकृती काढत त्याने मला समजावलं. हाड मोडलं तर जुळतं, पण सांध्यातली कूर्चा एकदा झिजली की परत वाढत नाही. तिच्या पेशी आत सोडल्या तरी त्यांना धरून राहायला काही नसतं. “इमारत बांधताना परांची लावतात ना, तशी एक बारीक परांची आपण आत ठेवायची. जाळीची. पेशी त्या जाळीत बसतील, वाढतील, आणि कूर्चा तयार झाली की परांची आपोआप विरघळून जाईल.”

“आणि ही जाळी छापायची?”

“अमेरिकेत छापतात, थरावर थर. त्यांच्याकडे मशीन आहे. माझ्याकडे नाही.” त्याने बाहेर बोट दाखवलं. तिथे लांबच लांब टेबलांवर माणसं साड्या छापत होती. “पण अख्ख्या सुरतेत छापण्याशिवाय दुसरं चाललंय काय?”

मला हसू आलं. हसताना ती बट पुन्हा नाकावर आली. त्याने हात उचलला… आणि मध्येच थांबवून खिशात घातला. बोटाला गोंद होता म्हणून थांबला की आणखी कशाने, याचा विचार मी त्या दिवशी घरी पोचेपर्यंत केला. नानपुऱ्याचा माझा स्टॉप मागे गेला तरी करतच होते.

तो दर गुरुवारी येऊ लागला. गुरुवारी दुपारी हातछपाईचं एक टेबल रिकामं असायचं. त्याच्यासाठी मी फिल्मवर बारीक उभ्या रेघा आखून दिल्या आणि त्यावरून फ्रेम बनवून घेतली, जिच्यातून गोंद फक्त त्या रेघांपुरताच खाली उतरेल. टेबलावर काच ठेवायची, तिच्यावर ओली मलमल ताणायची आणि रबरी पट्टीने गोंदाच्या रेघा छापायच्या. मग फ्रेम आडवी फिरवून दुसरा थर. की झाली जाळी.

होत नव्हती. दुसरा थर पडेपर्यंत पहिल्या रेघा फुगून एकमेकींना चिकटायच्या. जाळीची भोकं बुजायची आणि काचेवर नुसता एक चिकट ठिपका उरायचा.

“पेशी इथे गुदमरून मरतील,” तो म्हणायचा.

“जास्त दाट करू, योगेंद्रभाई?”

‘भाई’ म्हटलं की त्याचा चेहरा कसनुसा व्हायचा. मला वाटायचं, जाळी बिघडली म्हणून.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आणून दिली ती चिंधाने. चिंधा आमच्या किचनमधला जुना माणूस, नंदुरबारकडचा. वीस वर्षं रंग घोटून त्याची नखं कायमची निळी झाली होती. एका गुरुवारी योगेंद्र गेल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “आख्खी मिल तुमले बेन म्हनस. शेठ बेन म्हनस, रिक्षावाला बेन म्हनस. हाऊ कालेजना मास्तर एकलाच म्हनत नई. का बरं?”

“त्याला गुजराती येत नसेल.”

“त्याना जनम सुरतमा व्हयना, बेन,” चिंधा म्हणाला आणि पिंप ढवळायला लागला.

खरंच की. हा माणूस मला ‘अहो’ म्हणायचा, ‘मॅडम’ म्हणायचा, कधी नुसता घसा खाकरायचा. पण ‘वत्सलाबेन’? एकदाही नाही. सुरतेत बाईला बेन, म्हणजे बहीण, न म्हणणं म्हणजे… म्हणजे काय? उर्मटपणा? की काही दुसरं? मी रात्रभर त्याचा अर्थ लावत बसले आणि सकाळी ठरवलं की काहीच नाही. दुपारी पुन्हा वाटलं, असेलही.

डिसेंबरातला तो गुरुवार मला अजून लख्ख आठवतो. किचनची फरशी ओली होती. कोपऱ्यातल्या नळाकडे जाताना माझं पाऊल सटकलं, आणि त्याने चटकन माझा दंड धरला. धरला तो सोडेना. वाफेचा, गोंदाचा, ओल्या कापडाचा वास… आणि त्याच्या शर्टाला घरच्या भाकरीचा.

“डावा गुडघा ना?” तो हळूच म्हणाला. “मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं.”

माझ्या कानशिलांत गरम झालं. पहिल्या दिवशी! म्हणजे तो पिंपामागे लपवलेला पाय, ते सगळं…

“अहो… तुमचा एक्स-रे बघायला मिळेल का मला?”

मी दंड सोडवून घेतला. तर हे होतं! चार आठवडे मी मनात काय काय मांडलं होतं, आणि या माणसाला हवा होता माझा गुडघा. निदान ते सात जण पाणी तरी मागायचे.

“आणीन,” मी म्हणाले. बादली नळाखाली धरली, भरली, मलमल तिच्यात बुचकळली आणि काचेवर ताणली. हात सवयीने चालत होते, डोकं जागेवर नव्हतं. त्याने फ्रेम ठेवली, पट्टी ओढली, फ्रेम फिरवली, पुन्हा ओढली आणि उचलली.

मी वाकून पाहिलं.

जाळी उभी होती. एकेक रेघ शेवईसारखी सुटी आणि कडक, दोन रेघांमध्ये नीट चौकोनी भोक. त्याने तिसरा थर दिला, चौथा दिला. जाळी हलली नाही.

“हे… हे काय केलंत तुम्ही?”

मी मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. आमच्या किचनमध्ये दोन नळ होते. निळा नळ गोड्या पाण्याचा, मशीनमधून हलकं करून आणलेल्या. लाल नळ बोअरचा. ते पाणी क्षारांनी इतकं जड की बादलीला पांढरा थर बसायचा. शेवाळाच्या गोंदाला जड पाणी लागलं की तो जागच्या जागी गोठतो. पिंपात पडलं तर सगळं दह्यासारखं फाटतं, म्हणून गोंदाच्या आसपास लाल नळ सोडायचा नाही, हा आमचा पहिला नियम. नव्या माणसाला मीच तो पढवायची. आणि आता लाल नळ टपटप गळत होता.

मलमल लाल नळाच्या पाण्याने भिजली होती. रेघ तिला टेकताच गोठत होती, पसरायला तिला वेळच मिळत नव्हता.

“जड पाणी!” त्याचंही लक्ष तिकडे गेलं. “मी जाळी छापून झाल्यावर क्षारात बुडवत होतो, तोवर ती पसरलेली असायची. आधी कापडच भिजवायचं! तुम्ही मुद्दाम केलंत हे?”

काय सांगणार होते मी? की चौदा वर्षांत पहिल्यांदा माझा नळ चुकला, कारण तुम्ही माझा दंड धरला होता?

“हो,” मी म्हणाले. “म्हटलं, बघू या.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला काच फुटेल असं वाटलं. पिंपामागे चिंधा खोकला. योगेंद्र जाळी डबीत घालून पळाल्यावर तो म्हणाला, “ध्यान कोठे व्हतं तुम्हनं, बेन?”

“चिंधा…”

“मी काही देखं नई,” तो म्हणाला. “माले त्या कोपराम्हाईन दिखतच नई.”

एक्स-रे मी खाकी पाकिटात घातला आणि पाकिटाचं तोंड डिंकाने बंद केलं. बाबा आरामखुर्चीतून बघत होते. ते बँकेतून निवृत्त झाले होते, सगळ्या कागदांची नोंद ठेवायची सवय.

“काय चाललंय?”

“कॉलेजातल्या एका सरांना माझा एक्स-रे हवाय.”

बाबांनी चष्मा काढला. “लोक पत्रिका मागायचे,” ते म्हणाले. “हा थेट मुद्द्यावरच आला.”

एक्स-रे त्याला देऊन महिना होत आला. योगेंद्र येत होता, सशांच्या गुडघ्यांवरचे प्रयोग, पेशी, थर यांच्याबद्दल भरभरून बोलत होता, पण एक्स-रेबद्दल अवाक्षर नाही. बरं आहे म्हणावं की वाईट? इतका बिघडलाय का गुडघा, की सांगवत नाही? की आता जाळी जमली, गुडघ्याचं काम संपलं? मग अजून येतो कशाला? जाळी तर त्याला आता कॉलेजातही छापता आली असती. मी विचारायचं ठरवायचे आणि समोर आला की गोंदाबद्दल बोलायचे.

जानेवारीच्या सुरुवातीला तो एक कागद घेऊन आला. पुण्याच्या परिषदेत त्याला निबंध वाचायचा होता.

“यात तुमचं नाव घातलंय, माझ्या बरोबरीने. फक्त तुम्हाला ही कल्पना कशी सुचली, ते दोन ओळींत लिहून द्या. लोक तेच विचारणार.”

“मला कुठे लिहिता येतं?”

“दोन ओळी हो! जसं घडलं तसं.”

जसं घडलं तसं! मी आठ कागद फाडले. ‘अनुभवाअंती असे लक्षात आले की…’ फाडला. ‘जड पाण्याच्या गुणधर्माचा विचार करून…’ फाडला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं नाव छापणार होतं, आणि ते एका थापेवर उभं होतं. थाप तशीच ठेवली तर नाव राहत होतं, योगेंद्रही राहत होता, निदान गुरुवारपुरता. खरं सांगितलं तर नाव जाणार, आणि नळ का चुकला तेही सांगावं लागणार. मग तो हसला असता तर? किंवा त्याहून वाईट, नीट समजावून सांगितलं असतं तर – “अहो, मी फक्त एक्स-रे मागितला होता…”

रविवारी मी त्याला तापीकाठी पोंक खायला बोलावलं. सुरतेत जानेवारीत नदीच्या पुलाखाली पोंकाचे तंबू लागतात. कोवळी ज्वारी भाजून, झोडून, हिरवेगार दाणे लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर देतात. दाण्यांना धुराचा वास होता. वारा गार होता. बाकावर आमच्या मध्ये एक कागदाचा द्रोण आणि वीतभर जागा.

“लिहिलंत?” त्याने विचारलं.

“नाही. माझं नाव काढा त्यातून.”

त्याचा हात द्रोणातच थांबला. “का?”

“मी मुद्दाम नाही केलं ते. माझा नळ चुकला.” नदीकडे बघत मी एका दमात बोलून टाकलं. “चौदा वर्षांत कधी चुकला नव्हता. तुम्ही माझा दंड धरलात आणि… मला लाल-निळं काही कळेना झालं. तुम्हाला गुडघा हवा होता, ते मला नंतर कळलं. तेव्हा कळलं नव्हतं. बस. आता हसा.”

तो हसला नाही. मी द्रोणातले दाणे मोजायला लागले.

“मला एक्स-रे वाचता येत नाही,” शेवटी तो म्हणाला.

“काय?”

“मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे हो. एक्स-रे कुठून वाचणार? उलटा की सुलटा तेही मला कळत नाही, डॉक्टर सांगतात.”

“मग मागितलात कशाला?”

तो आता माझ्याहून जास्त गोंधळला होता. लिंबाची फोड त्याने इतकी पिळली की रस त्याच्याच बाहीवर उडाला. “मागितला की परत द्यायला यावं लागेल म्हणून. जाळी जमली नसती तर हेमराजभाईंनी टेबल बंद केलं असतं. मग मी कुठल्या तोंडाने आलो असतो? पाकीट मी उघडलंसुद्धा नाही.”

“आणि डावा गुडघा ना, असं काय विचारलंत?”

“दंड धरल्यावर काहीतरी बोलायला नको?” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, एकेक शब्द तोलत, “ऐका… ही जाळी सशापर्यंत पोचलीय. माणसापर्यंत पोचायला वीस वर्षं लागतील. तुमच्या गुडघ्यापर्यंत कदाचित पोचणारच नाही. मी तुमचा गुडघा बरा करीन असं तुम्हाला वाटत असेल तर… नाही करू शकत. मी नुसताच येतो. तेवढ्यावर चालेल का?”

मला इतकी वर्षं सगळे चालून दाखव म्हणाले होते. चालेल का, असं मला कुणी विचारलं नव्हतं.

“नावाचं काय करणार?” मी विचारलं.

“नाव राहील. लिहिणार – पाणी चुकून वापरलं गेलं. चूक का झाली, ते नाही लिहिणार. ते आपल्यात.”

“बरं, योगेंद्रभाई,” मी सवयीने म्हणाले आणि जीभ चावली.

त्याने कपाळावर हात मारला. “तेवढं भाई सोडा हो! दोन महिने झाले, दर गुरुवारी मी हा मार खातोय!”

मग मी सोडलं. त्या संध्याकाळी पुलाखाली मी पहिल्यांदा त्याचं नुसतं नाव घेतलं. ते तोंडात कसं अपुरं वाटलं, जिन्याची एक पायरी कमी असावी तसं. मग सवय झाली.

फेब्रुवारीत तो मला कोसाडला त्याच्या घरी घेऊन गेला. दोन खोल्या, दारात तुळस. वडील नव्हते, हयात असताना ते लूमवर, यंत्रमागावर, कामाला होते. आई, उषाबाई, सारवलेल्या चुलीजवळ बसलेल्या. आमच्या घरची रीत वेगळी, बोली वेगळी, मी त्यांच्या मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठी – उंबऱ्यातच मी थबकले. टेकते न टेकते तोच पाण्याची आठवण झाली आणि मी उठायला लागले. माठ समोरच्या भिंतीला होता. खोलीभर चालून जावं लागणार होतं.

उषाबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

“तू बस वं माय,” त्या म्हणाल्या. “पानी मी आनस.”

ते पाणी मी प्याले. डोळ्यांतलंही थोडं त्यात गेलं असेल.

बाबांनी लग्नाच्या यादीवर सही करताना एवढंच विचारलं, “पत्रिका बघायची का?” आणि स्वतःच म्हणाले, “जाऊ दे. एक्स-रे बघून झालाय.” चिंधा लग्नाला निळ्या नखांनी, नव्या टोपीत आला. जेवताना योगेंद्रला म्हणाला, “आते तरी बेन म्हना,” आणि स्वतःच पोट धरून हसत सुटला.

ती जाळी पुढे बऱ्याच प्रयोगशाळांत फिरली. आमच्या काही सशांचे गुडघे बरे झाले, काहींचे नाही झाले. योगेंद्र निवृत्त होईपर्यंत तिच्यात रमला होता. माझ्या गुडघ्यापर्यंत ती पोचली नाही, त्याने सांगितलंच होतं. सहा वर्षांपूर्वी गुडघा बदलायची वेळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, “जुना एखादा एक्स-रे असेल तर आणा, तुलना करता येईल.”

घरी येऊन मी योगेंद्रला म्हणाले, “माझा एक्स-रे तुझ्याकडे आहे. शहाण्णव सालापासून. परत दिला नाहीस.”

तो कपाटाशी गेला. लग्नाच्या फोटोंच्या खालून खाकी पाकीट काढून माझ्या हातात देऊ लागला. कडा पिवळ्या पडल्या होत्या. तोंडावरचा माझा डिंक जसाच्या तसा होता.

“फोडू?” त्याने विचारलं.

मी पाकीट हातात घेतलं. उजेडाकडे धरलं, पुन्हा खाली आणलं. मग त्याच्या हातात परत ठेवलं.

“राहू दे तुझ्याकडेच,” मी म्हणाले. “परत दिलास तर पुन्हा यायला कारण काय उरेल?”